दाढ दुखायची थांबली म्हणून

बाजारच्या दिवशी आमच्या दवाखान्यात गर्दी दुप्पट असते. एसटीच्या एकाच तिकिटात बाजार होतो आणि दाढही दाखवून होते, म्हणून आसपासच्या खेड्यांतली माणसं आठवडाभर दुखणं अंगावर काढतात आणि सोमवारी येतात. त्या सोमवारी साडेअकराच्या सुमाराला एक मावशी पदराने अर्धं तोंड झाकून आत आल्या. मागे मुलगा, त्याच्या हातात बाजाराची रिकामी पिशवी. मावशींनी पदर बाजूला केला. डाव्या बाजूला जबड्याची कडच सुजेत हरवली होती. कातडी ताणून चकाकत होती आणि हाताला गरम लागत होती.

वय ४६. कृष्णाकाठच्या गावात शेतमजुरी. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि हे लिहिण्याआधी त्यांना विचारलं आहे.

“सूज कधीपासून आहे?”

“परवापासनं हाय, बाई.”

“आणि दाढ कधीपासून दुखतेय?”

“दाढ कुठं दुखतीया? दाढ मागंच बरी झाली.”

या उत्तराने मी थबकले. तोपर्यंत माझ्या मदतनीस मुलीने कपाटातून त्यांचा जुना केसपेपर काढून टेबलावर ठेवला होता. मावशी आठ महिन्यांपूर्वी माझ्याकडेच येऊन गेल्या होत्या.

आठ महिन्यांपूर्वीचा केसपेपर

अक्षर माझंच होतं. “खाली डावीकडे पहिली दाढ, क्र. ३६. मोठी कीड. तीन रात्री ठणका, झोप नाही. गरमने वाढतो, गार पाण्याने थांबतो. रूट कॅनल सांगितले. गोळ्या दिल्या. पुढची तारीख शुक्रवार.” त्याखाली कोरा कागद.

वाचता वाचता मला त्या आठवल्या. फ्रीजमधल्या गार पाण्याची बाटली घेऊन आल्या होत्या. दर दोन मिनिटांनी एक घोट घ्यायचा, डाव्या बाजूला धरून ठेवायचा, पाणी कोमट झालं की थुंकायचं आणि पुन्हा घोट घ्यायचा. दंतवैद्याला असा रुग्ण दारातून आत येतानाच निदान कळतं. सुरुवातीला किडलेल्या दाताला गार पाणी झोंबतं. पुढे एक वेळ अशी येते की गरमाने आग होते आणि गार पाणीच तेवढं औषध वाटतं. दाढेतली नस शेवटच्या घटका मोजत असल्याची ही खूण आहे.

दाताच्या आत मऊ मांसल भाग असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात, बोलताना आपण त्याला नस म्हणतो. बोट सुजलं तर सुजेला बाहेर पसरायला जागा असते. दाताच्या आत चारी बाजूंनी टणक भिंती आणि येण्याजाण्याची वाट मुळाच्या टोकाशी सुईच्या अग्राएवढी. कीड आतपर्यंत पोचली की तिथे सूज येते, पण फुगायला जागा नसते. दाब वाढतो, आणि रात्री आडवं झालं की डोक्याकडे रक्त जास्त जाऊन तो आणखी वाढतो. म्हणून ठणका रात्रीचा. हळूहळू रक्तपुरवठा तुटतो आणि नस मरते. मेलेली नस दुखत नाही.

मावशींच्या दाढेचं नेमकं हेच झालं होतं. माझ्याकडून गेल्यावर त्यांनी दोन दिवस गोळ्या घेतल्या, दाढेत लवंग धरली. चौथ्या रात्री सासूबाईंनी शेजारच्या वस्तीवरच्या एका बाईंना बोलावून रिंगणीच्या बियांची धुरी दिली. तोंडाला नळी लावून धूर दाढेत घेतला, आणि नंतर पाण्याच्या वाडग्यात पांढऱ्या अळ्या दाखवल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी ठणका थांबला. घरातल्या सगळ्यांनी तो धुरीचा गुण मानला, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? दुखत होतं, धुरी घेतली, थांबलं. दाढेत कृमी असतो ही समजूत फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत दाताच्या रोगांमध्ये ‘कृमिदंतक’ नावाचा रोगच आहे. दाढ पोखरणारे जीव असतात हे खरं, पण ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. वाडग्यातल्या अळ्या दाढेतून आलेल्या नव्हत्या.

लवंगेचा मात्र खरा उपयोग असतो, तो नाकारू नये. तिच्या तेलातलं युजेनॉल नस काही वेळ बधिर करतं. आम्ही स्वतः तात्पुरत्या सिमेंटमध्ये ते वापरतो. फक्त आतली कीड त्याने थांबत नाही.

केसपेपर हातात धरून मी जे शोधत होते ते त्यात नव्हतं. मी रूट कॅनल सांगितली होती, खर्च सांगितला होता, तारीख दिली होती. “ठणका काही दिवसांत आपोआप थांबेल, आणि तो थांबला म्हणजे दाढ बरी झाली असं नाही, नस मेली” हे वाक्य मी बोलले नव्हते. मला ते इतकं उघड वाटत होतं की सांगायचं सुचलंच नाही. शुक्रवारी त्या आल्या नाहीत तेव्हा फोनही केला नाही. दुखणं थांबल्यावर माणूस दवाखान्यात का येईल?

नस मेल्यावर आतलं कुजलेलं मुळाच्या टोकातून हाडात झिरपत राहतं. शरीर तिथे हाड विरघळवून त्याला थोपवून धरतं. महिनोन्‌महिने काहीच जाणवत नाही. फार तर चावताना दाढ किंचित उंच झाल्यासारखी वाटते. मग कधीतरी तोल जातो. अंगात कसर असते, जागरण झालेलं असतं, साखर वाढलेली असते, आणि दोन दिवसांत गाल सुजतो.

तपासणी

ताप १०१. तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. निरोगी माणसाची तीन बोटं उभी आत जातात. पहिल्यांदा मी दाढेकडे पाहिलंच नाही. जिभेखाली बोट घालून तोंडाचा तळ चाचपला. तो मऊ होता. जीभ उचललेली नव्हती, बाहेर काढता येत होती. पाणी गिळता येत होतं, आवाज बदलला नव्हता, उताणं झोपल्यावर श्वास कोंडत नव्हता.

हे आधी का, ते सांगायला हवं. खालच्या दाढेचा पू जिभेखालून आणि जबड्याखालून दोन्ही बाजूंना पसरला तर जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होते. लुडविग या जर्मन डॉक्टरांनी १८३६ साली या अवस्थेचं वर्णन केलं, आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दाढेने माणूस दगावतो हे ऐकायला अतिशयोक्त वाटतं. ज्याने असा रुग्ण पाहिला आहे त्याला तसं वाटत नाही.

मग दाढ. वरचा निम्मा भाग पोखरलेला, पण हिरडीच्या वर भिंती तीन बाजूंनी शाबूत. गार कापूस लावला, मावशींना काही कळलं नाही, म्हणजे नस मेलेली. वरून हलकं ठोकलं तर मावशींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. गालाच्या आतल्या बाजूला, दाढेच्या मुळाशी, बोटाखाली पाण्याच्या फुग्यासारखं हलणारं गळू. एक्स-रेमध्ये दोन्ही मुळांच्या टोकाशी काळी सावली होती, मागच्या मुळाशी जास्त मोठी. दोन मुळांच्या मधलं हाड मात्र ठीक होतं. पुढे याच गोष्टीने निर्णय फिरला.

एवढ्यावर तपासणी संपवली असती तर ते अर्धंच काम झालं असतं. उजवीकडची खालची पहिली दाढ नव्हतीच. बारा वर्षांपूर्वी काढली होती, कारण हेच. ती जागा भरली नव्हती, त्यामुळे तिच्या मागची दाढ पुढे कलली होती आणि वरची दाढ मोकळ्या जागेत लोंबल्यासारखी खाली उतरली होती. त्या बाजूने चावणं जवळपास बंद.

खालचे पुढचे दात काळपट. आतल्या बाजूने कीटणाचा सलग पट्टा, दगडासारखा. हिरडीच्या फटीत मोजपट्टी घातली तर पाच-सहा मिलिमीटर आत जात होती. तीनपर्यंत ठीक समजतात. चार दात हलत होते. आणि खालच्या ओठाच्या आत डावीकडे, जिथे त्या मशेरी धरायच्या, तिथे रुपयाएवढा पांढरट, खरबरीत, पुसून न जाणारा चट्टा.

“हे कधीपासून आहे?”

“कशाचं वं? मला तर काय जाणवत न्हाई. दुखत न्हाई तिथं.”

सुईने बोटाचा थेंब घेऊन साखर तपासली. ३१२. मधुमेह असल्याचं त्यांना माहीत नव्हतं. रात्री लघवीला तीनदा-चारदा उठावं लागतं, वजन उतरलंय, हे विचारल्यावर सांगितलं. वजन उतरण्याचं कारण त्यांच्या लेखी चावता येत नाही हेच होतं.

हिरड्या दुखत नव्हत्या. चट्टा दुखत नव्हता. साखर दुखत नव्हती. दाढही आठ महिने दुखत नव्हती. या तोंडातलं जे जे धोक्याचं होतं, ते सगळं गप्प होतं.

दुखतं ते मोजलं जातं

दंतरुग्णांवरचे अभ्यास वाचताना मला या मावशींची आठवण येते. दवाखान्यात वा डेंटल कॉलेजच्या ओपीडीत आलेल्या रुग्णांची नोंद घेतली की सर्वांत जास्त तक्रार दाढदुखीची निघते, सर्वांत जास्त कामं दात काढणं, भरणं आणि रूट कॅनल यांची निघतात. ते आकडे खोटे नाहीत. पण दुखलं म्हणून जे आले तेवढेच त्यात असतात. लोकांमध्ये जाऊन तोंडं तपासली की चित्र बदलतं. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली देशभर केलेल्या मौखिक आरोग्य सर्वेक्षणात ३५ ते ४४ वयोगटात कीड ८०.२ टक्के लोकांत आढळली आणि हिरड्यांचे विकार ८९.६ टक्के लोकांत. म्हणजे त्या वयात हिरड्या किडीच्याही पुढे. आणि माझ्या दारात ‘हिरडी दाखवायला आलेय’ म्हणणारं माणूस महिन्याकाठी क्वचित येतं. दात हलायला लागला की येतात, तेव्हा हाड खाली गेलेलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात जगभर सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही विकार असल्याचं म्हटलं आहे. पक्क्या दातांची उपचार न झालेली कीड एकट्या सुमारे २०० कोटी लोकांत. ‘उपचार न झालेली’ हे शब्द मी अधोरेखित करून ठेवले आहेत. त्यांतल्या कित्येकांना कधीतरी ठणका लागला असेल, आणि तो थांबलाही असेल.

त्या दिवशीचं काम

पू असेल तिथे तो बाहेर काढायचा, हा नियम प्रतिजैविकं निघण्याच्या कितीतरी आधीचा आहे आणि अजून बदललेला नाही. मावशींनी आदल्या दिवशी मेडिकलमधून प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या आणून घेतल्या होत्या आणि ‘उतार पडंना’ म्हणून सोडल्या होत्या. गोळी रक्तातून जाते. मेलेल्या नसेत रक्त नसतं आणि गळवाच्या पोटातही ते फारसं पोचत नाही. नुसत्या दाढदुखीसाठी निरोगी माणसाला प्रतिजैविक देऊ नये, अमेरिकन डेंटल असोसिएशननेही २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच सांगितलं. इथे मात्र ताप होता, तोंड उघडत नव्हतं, साखर ३१२ होती. इथे ती द्यायलाच हवी होती, पण पू काढण्याच्या जोडीला.

भूल देणंही सोपं नव्हतं. सुजलेल्या, पू धरलेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचं काम तिथे नीट होत नाही. म्हणून सुजेत सुई न घालता लांब मागे, मज्जातंतू जबड्याच्या हाडात शिरतो त्याच्या आधीच त्याला गाठायचं. तोंड उघडत नसेल तर दात मिटलेले ठेवून, वरच्या हिरडीच्या रेषेत सुई मागे नेण्याची एक पद्धत आहे. अकिनोसी यांनी ती १९७७ साली मांडली. मी तीच वापरली. दहा मिनिटांनी मावशींनी ओठाला बोट लावून पाहिलं आणि म्हणाल्या, “ओठ माझा हाय का न्हाई कळंना.”

दाढ वरून उघडली. मशीनचं कोरणारं टोक आतल्या पोकळीत उतरलं आणि त्याच क्षणी दाढेतून पिवळा पू वर आला, दाबाने, मागोमाग रक्तमिश्रित पाणी. वास सगळ्या खोलीत पसरला. खुर्चीच्या हातावर आवळलेली त्यांची बोटं एकेक करून सुटली. भूल असूनसुद्धा आतला दाब गेल्याचं कळतं. गालाच्या आतल्या बाजूने गळवाला छोटी चीर देऊन उरलेला पू काढला, चीर मिटू नये म्हणून रबराची बारीक पट्टी टाक्याने अडकवली. अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडाझोल, दुखण्यासाठी पॅरासिटामोल, मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा. बाहेरून शेक द्यायचा नाही, हे दोनदा सांगितलं, कारण घरोघरी वाळूची पुरचुंडी तापवून गाल शेकतात आणि गळू बाहेरच्या कातडीकडे फुटतं.

घरी पाठवायचं की जिल्ह्याच्या रुग्णालयात, हा निर्णय काठावरचा होता. तळ मऊ, गिळणं ठीक, श्वास ठीक, पू निघालेला. समोरच्याच फिजिशियननी तासाभरात त्यांना पाहिलं, लघवीत कीटोन, म्हणजे मधुमेह हाताबाहेर गेल्याची खूण, नाहीत याची खात्री केली आणि औषध सुरू केलं. मग घरी पाठवलं. मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, “जीभ वर आल्यासारखी वाटली, थुंकी गिळता आली नाही, बोलणं तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं झालं, तर माझ्या फोनची वाट बघू नका. थेट मोठ्या दवाखान्यात न्या.” त्याने ते मोबाइलमध्ये आवाज रेकॉर्ड करून घेतलं. रात्री नऊ वाजता आणि सकाळी सात वाजता मी फोन केला. सकाळी ताप उतरला होता.

काढायची की ठेवायची

तिसऱ्या दिवशी पट्टी काढली. सूज निम्म्यावर आली होती. मुलगा म्हणाला, “मॅडम, काढूनच टाका. परत झंझट नको.”

त्याचं बोलणं वावगं नव्हतं. आमच्याकडे दाढ काढायचे ३०० रुपये, रूट कॅनल आणि कॅप मिळून ६,०००. मावशींची रोजी ३०० रुपये. म्हणजे वीस दिवसांची मजुरी एका दाढेत. वर चार-पाच खेपा, आणि प्रत्येक खेपेला एक रोज बुडतो. सरकारी डेंटल कॉलेजात खर्च कमी आहे, पण ते लांब आहे, खेपा तेवढ्याच आणि तिकीट मोठं. दात वाचवा म्हणणं खुर्चीशेजारी उभं राहून सोपं असतं.

मी मावशींना विचारलं, “भाकरी कशी खाता?”

“ह्याच अंगानं. दुसऱ्या अंगाला जोडच न्हाई की. दुखत आसलं तर कालवणात कुस्करायची.”

शाळूची भाकरी, हुरडा, शेंगदाणे, उसाचं कांडं. डावीकडची दाढ गेली असती तर सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांचं खाणं कालवणात भिजवून गिळण्यावर आलं असतं. मधुमेहाच्या माणसाला मऊ, पिठूळ, गोडसर खाण्याकडे ढकलणं हे साखरेच्या दृष्टीनेही वाईट. मुळांच्या मधलं हाड शाबूत होतं, वर कॅप बसवायला भिंती होत्या. ते हाड गेलेलं असतं किंवा खेपा घालणं खरंच अशक्य असतं, तर मीही दाढ काढली असती. दात वाचवणं हा डॉक्टरचा हट्ट होऊ नये. इथे तो रुग्णाच्या पोटाचा प्रश्न होता. पैसे तीन हप्त्यांत द्यायचं ठरलं. खेपा सोमवारच्या, बाजाराच्या.

दहा दिवसांनी साखर बरीच खाली आल्यावर कामाला हात घातला. दाढेभोवती रबराचं आवरण बसवलं. सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्याने १८६४ साली सुरू केलेली ही साधी युक्ती आहे, थुंकी आत जात नाही आणि औषध घशात जात नाही. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा दोन मुळं असतात, पुढच्यात नसेच्या दोन नलिका, मागच्यात एक किंवा दोन. पुढच्या दोन आणि मागची एक लगेच मिळाल्या. पण मागच्या नलिकेचं तोंड मधोमध नव्हतं, गालाच्या बाजूला सरकलेलं होतं. असं असलं की दुसऱ्या बाजूला जोडीदार असतो. भिंग लावून, टोकदार हत्याराने काळ्या रेषेवर हलकेच टोचत गेले तेव्हा एका जागी ते अडकलं. चौथी नलिका. एक्स-रेमध्ये सर्वांत मोठी सावली याच मुळाखाली होती. ही सुटली असती तर वर कितीही सुंदर कॅप बसवली तरी वर्षभरात गाल पुन्हा सुजला असता.

सोडियम हायपोक्लोराइटने नलिका धुतल्या, कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट भरून दोन आठवडे ठेवली. पुढच्या खेपेला नलिका कोरड्या निघाल्या, वास नव्हता, ठोकल्यावर दुखत नव्हतं. गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने त्या बंद केल्या, वर सिमेंट, आणि पुढच्या दोन खेपांत कॅप.

हिरड्या, साखर, मशेरी

दाढेचं काम चालू असतानाच हिरड्यांची सफाई केली, मशीनने आणि मग हिरडीखाली हाताने, चार भागांत. पहिल्याच खेपेला मावशी घाबरल्या होत्या, कारण गावात सगळ्यांनी सांगितलं होतं की सफाई केली की दात हलतात. ही भीती मला रोज भेटते आणि तिच्यात एक खरं निरीक्षण आहे. कीटणाचा जाड पट्टा दातांना एकमेकांशी जखडून ठेवतो. तो काढला की हाड आधीच गेलेले दात हलताना जाणवतात. कीटण निघाल्यावर मावशींचे चार दात आठवडाभर जास्त हलले. दोन महिन्यांनी त्यांतले तीन घट्ट झाले होते. एक अजून हलतो आणि बहुधा जाईल.

हिरड्या आणि मधुमेह यांचा संबंध दोन्हीकडून आहे. साखर जास्त असेल तर हिरडीखालचा संसर्ग फोफावतो, आणि तो संसर्ग अंगात असेतो साखर आटोक्यात यायला झुंजावं लागतं. हिरड्यांवर नीट उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचं माप, सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास कमी होतं, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासांतून दिसलं आहे. मावशींचं ९.८ वरून तीन महिन्यांत ७.६ वर आलं. त्यात मोठा वाटा मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा आणि चालण्याचा, थोडा हिरड्यांचा.

मशेरी सर्वांत अवघड गेली. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटाने हिरडीवर फिरवायची. महाराष्ट्रात धूर न करणारी तंबाखू किती खोल रुजली आहे, हे २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात दिसतं. राज्यातले २४.४ टक्के प्रौढ तिचा वापर करत होते, विडी-सिगारेट ओढणारे अवघे ३.८ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मशेरी घराच्या चुलीवरच तयार होते.

“सोळाव्या वर्षी दात दुखला तवा सासूनं लावली,” मावशी म्हणाल्या. “आता लावल्याबिगर पोट साफ व्हत न्हाई.” आमच्या भागात बहुतेक बायकांचं कारण हेच असतं, म्हणून ‘सोडा’ म्हणण्याआधी सकाळच्या पोटाची सोय करावी लागते. कोमट पाणी, इसबगोल, आणि तोंडात धरायला भाजलेली बडीशेप. दिवसातून सात वेळांवरून महिन्याभरात दोन वेळांवर आल्या. तंबाखू सोडण्यासाठीच्या १८००-११-२३५६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मुलाने फोन लावून दिला. तिकडून मराठीत बोलणारी मुलगी आठवड्याने परत फोन करते, याचं मावशींना फार अप्रूप वाटलं. दुसऱ्या महिन्यात एक जागा सोडून मशेरी दुसऱ्या जागी लावायला लागल्याचं मला दिसलं. त्या रागावून घ्यायला तयार बसल्या होत्या. दिवसातून किती वेळा लावतात ते मी पुन्हा मोजायला सांगितलं, एवढंच.

चट्टा थोडा पातळ झाला, पण गेला नाही. तंबाखू त्या जागेवरून हटवून दोन आठवडे झाले तरी जो पांढरा चट्टा हटत नाही, त्याचा तुकडा तपासायला पाठवायचा, यात मी तडजोड करत नाही. डेंटल कॉलेजात बायोप्सी झाली. आवरण जाड झालेलं, पेशींमध्ये कर्करोगाकडे झुकणारे बदल नाहीत. निकाल ऐकल्यावर मावशी म्हणाल्या, “म्हंजे काय न्हाई ना?” मी म्हणाले, “आज नाही. दर तीन महिन्यांनी बघायचं. दुखलं नाही तरी.”

सहा महिन्यांनी

एक्स-रेमध्ये मुळांखालची सावली निम्म्याहून लहान झाली आहे आणि कडेने हाडाच्या रेषा दिसू लागल्या आहेत. पूर्ण भरायला वर्ष लागेल, कदाचित जास्त. उजवीकडची मोकळी जागा तशीच आहे. तिथे काय करायचं ते उसाची बिलं झाल्यावर ठरवायचं आहे. मशेरी सकाळी एकदा अजून चालू आहे.

मी माझ्याकडे दोन गोष्टी बदलल्या. ठणका घेऊन आलेल्या प्रत्येकाला तारखेच्या कार्डामागे दाढेचं चित्र काढून देते आणि सांगते की हे दुखणं काही दिवसांत आपोआप थांबेल. थांबलं की नस मेली समजा, आणि मुद्दाम त्याच दिवशी या. दुसरी गोष्ट फोन. तारखेला न आलेल्यांना मदतनीस मुलगी संध्याकाळी फोन लावते. पहिला प्रश्न ‘दुखतंय का?’ असा विचारायचा नाही, हे तिला सांगून ठेवलंय. त्याचं उत्तर ‘नाही’ येतं आणि फोन तिथेच संपतो. ती विचारते, “दुखायचं कधी थांबलं?”

गेल्या सोमवारी मावशी आल्या तेव्हा सोबत जाऊबाई होत्या. जाऊबाई दारातच घुटमळत होत्या. मला काही नाही, उगीच आणलंय, असं म्हणत होत्या. मावशींनी त्यांना दंडाला धरून खुर्चीपाशी आणलं.

“बाई, हिची दाढ आठ दिस ठणकत व्हती. काल थांबली. म्हणून आज घिऊन आले.”

वरची उजवी दाढ. गार कापूस लावला. जाऊबाई शांतपणे माझ्याकडे बघत राहिल्या, त्यांना काहीच कळलं नव्हतं. सूज नव्हती, ताप नव्हता, एक्स-रेमध्ये सावली अजून पडलेली नव्हती. भूल दिली आणि त्याच बैठकीत दाढ उघडली.